झूम एच१एन रेकॉर्डर : आजीच्या ओव्यांसाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच ठेवा

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस होतो, आणि तेवढ्यात झूम एच१एन या छोट्या रेकॉर्डरवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि बायांची झोक्यावरची गौराईची गाणी मिळून सहा-सात तासांचं रेकॉर्डिंग केलं. आजी ८१ वर्षांची आहे, तिला येतात तेवढ्या ओव्या आता गल्लीत कुणालाच येत नाहीत. मशीन कसं आहे ते सांगतोच, पण त्याआधी सेटिंगचं सांगू द्या, कारण मागच्या वर्षी माझं तिथेच चुकलं.

तेव्हा १६ बिट ठेवलं होतं (बिट म्हणजे आवाजाचं प्रत्येक माप किती बारकाईने लिहायचं ते), आणि कुठेतरी ऐकलेलं की १६ बिटला लेव्हल, म्हणजे रेकॉर्डिंगचा जोर, भरपूर पाहिजे, म्हणून लेव्हलचं चाक वर नेऊन ठेवलं. आजीची पहिली ओवी हळू आली, मस्त वाटलं, मग आत्या आणि दोघी काकू एकदम खणखणीत उठल्या आणि तिथून पुढची अकरा मिनिटं आवाज फाटला. लॅपटॉपवर बघितलं तर वेव्हचे शेंडे विळ्याने कापल्यासारखे सपाट. तो वरचा भाग फाईलमध्ये लिहिलाच गेलेला नसतो, मग सॉफ्टवेअर अंदाजाने काहीतरी जोडून देतं पण आत्याचा खरा आवाज कुठून आणणार? फार वाईट वाटलं होतं.

सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात किती अंतर मावतं, ते एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरतात, म्हणजे १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४. आता एवढे १४४ प्रत्यक्षात कुठल्याच मशीनमधून मिळत नाहीत, माइकची स्वतःची सळसळ असते, खोलीचा आवाज असतो, हे खरंय. पण २४ बिटमुळे लेव्हल कमी ठेवायची भीती जाते. मीटरवर ० ला आवाज फाटतो, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं चाक लावा, आजीचा हळू आवाज मीटरवर अगदी खाली दिसला तरी राहू द्या, घरी येऊन वाढवला तरी तो स्वच्छ निघतो. यंदा मी एवढंच केलं आणि एकही ओवी फाटली नाही.

सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती हजार मापं घ्यायची त्या किलोहर्ट्झच्या आकड्यावर, लोक उगाच भांडतात. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि जेवढं पकडायचं त्याच्या दुपटीहून जास्त रेट लागतो. सीडीचा ४४.१ त्याच हिशोबाने पुरतो, ४८ ला तर २४ किलोहर्ट्झपर्यंत जागा मिळते. मी ४८ घेतलं कारण भाचा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता आणि व्हिडिओचा आवाज ४८ लाच चालतो, नंतर जुळवायला त्रास नाही. जुन्या टेप डिजिटल करणाऱ्यांसाठी ध्वनी संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयासा, तीही कमीत कमी २४ बिट आणि ४८ सांगते, ९६ केलं तर आणखी चांगलं म्हणते. ९६ ही या मशीनमध्ये आहे, मी एक ओवी दोन्हीत करून हेडफोनवर आलटून पालटून ऐकली, मला काडीचा फरक कळला नाही. फाईल मात्र दुप्पट होते. २४/४८ स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी जातं, ९६ ला २ जीबी, आणि यात कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालतं. आवाजाचा वेग खूप कमी करून ऐकायचा असेल तर ९६ घ्या.

आता मशीन. समोर लेव्हलचं मोठं गोल चाक आहे, ० ते १०, अंधाऱ्या घरातही बोटाला सापडतं. फॉरमॅट बदलायला वेगळं बटण, मेनूत शिरावं लागत नाही. ऑटो लेव्हल, म्हणजे मशीनने आपणच लेव्हल वरखाली करणं, बंद ठेवा, ते चालू असलं की दोन ओव्यांमध्ये आजी श्वास घेते तेवढ्यात नुसती जात्याची घरघर फुगून वर येते. असल्या सगळ्याच छोट्या रेकॉर्डरला हाताची खसखस लागते, म्हणून छोट्या ट्रायपॉडवर लावला, जात्यापासून लांब आणि आजीच्या तोंडाकडे वळवून, वीतभर अंतरावर. वैशाखातली जळगाव जिल्ह्यातली दुपार, कूलर बंद करून बसलो, आजीच्या कपाळावरचा घाम जात्यावर टपकत होता तरी ती थांबायला तयार नाही, मध्येच मशीनकडे बघून विचारते, "मन्हा आवाज येस का त्यामा?" हेडफोन लावून दिला तर पुढच्या दोन ओव्या तिने डोळे मिटून म्हटल्या, त्या सगळ्यात सुंदर आल्यात.

झोक्याची गाणी कडुनिंबाखाली होती, तिथे गरम वाऱ्याला माइकवर केसाळ टोपी लागतेच, ती जरूर घ्या, सोबत लो कट, म्हणजे खालची घरघर कापणारी सोय, ८० हर्ट्झवर. बॅटरी दोन बारीक सेल, ट्रिपल ए, जास्तीचे खिशात ठेवा.

झूमचाच नवीन एच१ इसेन्शियल ३२ बिट फ्लोटवर चालतो, म्हणजे खूप हळू आणि खूप मोठा दोन्ही आवाज फाईलमध्ये मावतात, त्याला लेव्हलचं चाकच नाही, नंतर वरखाली करता येतं. पण माइकलाच झेपला नाही एवढा आवाज आला तर फ्लोट काही करू शकत नाही. दोन्हींच्या माइकची हद्द १२० डेसिबल आहे. श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाला डफ आणि ढोल रेकॉर्ड करायचे आहेत, तेव्हा हाच एच१एन नेणार, फक्त वाजवणाऱ्यांपासून दहा-बारा पावलं मागे उभा राहणार आणि चाक २ च्या वर नेणार नाही.