दुधाच्या प्रथिनात बांधलेले रंग: पिवळा पास, जांभळा अर्धा

हळद पाण्यात विरघळत नाही, हे केकवर आयसिंग करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. कितीही फेटा, बारीक ठिपके उरतातच. म्हणून ‘दुधाच्या प्रथिनात बांधलेले वनस्पतींचे रंग’ वाचून दोन डब्या मागवल्या. पिवळीत हळदीतलं रंगद्रव्य कुरकुमिन आणि दुधातलं प्रथिन केसीन, जांभळीत काळ्या गाजराचं रंगद्रव्य अँथोसायनिन आणि दुधाच्या निवळीतलं व्हे प्रोटीन.

पिवळीची चिमूटभर पूड पाण्यात टाकून दोनदा ढवळली. पाणी एकसारखं पिवळं, किंचित दुधाळ. कुरकुमिनला पाणी नकोसं असतं आणि केसीनच्या रेणूतही पाण्यापासून तोंड फिरवणारे भाग असतात. रंग तिथे जाऊन दडतो. शेजारी साध्या हळदीचा ग्लास ठेवला आणि दोन्ही चार दिवस उन्हाच्या खिडकीत सोडले. साध्या हळदीत तळाशी गाळ, वर जवळजवळ नुसतं पाणी. डबीतला रंगही उतरला, नाही असं नाही, पण चौथ्या दिवशी त्याला पिवळाच म्हणावं लागलं.

मग उत्साहाच्या भरात त्याच पुडीचं लिंबू सरबत केलं. दूध नासावं तशा पिवळ्या गुठळ्या! कारण अगदी तेच: पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 4.6 च्या आसपास आला की केसीन गोळा होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. पण डबीवर ‘सर्व पेयांसाठी’ छापणाऱ्यांना तर नक्कीच सुचायला हवं होतं.

सरबतात जांभळीने बाजी मारली. व्हे प्रोटीन आंबटातही विरघळलेलं राहतं, त्यामुळे गुठळी नाही, छान लालसर रंग. लिंबातलं सी जीवनसत्त्व अँथोसायनिनचा रंग मारतं. तरी फ्रिजमध्ये आठवडाभर हा रंग माझ्या नुसत्या गाजराच्या रसापेक्षा बरा टिकला. केकमध्ये मात्र फजिती. खायचा सोडा घातलेलं मिश्रण भाजून निघालं ते ओल्या सिमेंटच्या रंगाचं, वर हिरवट झाक. अँथोसायनिन आंबटात लाल, सोड्यात निळं-हिरवं होणारच. तिथे प्रथिनं काय करणार? सोडा कमी करून दही वाढवलं तेव्हा कुठे फिकट जांभळा दिसला.

चव म्हणाल तर किंचित दूध पावडरची. हळदीचा उग्रपणा अजिबात नाही.

खरा राग वेगळाच आहे. पुढे ठळक ‘वनस्पतीजन्य’, आणि ‘दूध आहे’ हे मागे, बारकोडखाली, मुंगीच्या अक्षरांत. मैत्रिणीच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. त्याच्या वाढदिवसाच्या केकसाठी हीच डबी काढली होती. पूड चमच्यात घेतल्यावर सहज मागची बाजू वाचली. विक्रेत्याला कळवलं, तर ‘माहिती दिलेलीच आहे’ असं उत्तर आलं.

पिवळी कस्टर्ड आणि क्रीमसाठी पुन्हा घेईन, जांभळी फक्त सरबत-जेलीसाठी. झाकण घट्ट बसत नाही, पूड ओल धरते; आल्या आल्या काचेच्या बरणीत काढा.