पायरिडोस्टिग्मिन ६०: चार तासांची उसनवारी

मायस्थेनिया ग्रॅव्हिसचं, म्हणजे वापरासरशी स्नायू थकत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं की बहुतेकांना पहिली लिहून मिळते ती हीच गोळी. पाकिटावर ग्रॅव्हिटॉर, डिस्टिनॉन, मेस्टिनॉन अशी वेगवेगळी नावं असतात, आत औषध एकच: पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइड, ६० मिलिग्रॅम. औषध जुनं आहे, अमेरिकेत १९५५ पासून त्याला मान्यता आहे, आणि आपलं काम ते आजही चोख करतं. तक्रारी येतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. गोळीकडून तिचं नसलेलं काम मागितलं जातं, नाहीतर घड्याळ चुकतं.

आधी तिचं काम कोणतं ते बघू. मेंदूचा हुकूम चेतातंतूच्या टोकापर्यंत विजेच्या रूपात येतो आणि तिथे थांबतो, कारण चेतातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. ती ओलांडायला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं. ते पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, चिकटलं की स्नायू आकसतो. मायस्थेनियात आपलीच प्रतिकारशक्ती या रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. अंगभर आजार पसरलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के लोकांच्या रक्तात त्या सापडतात. त्या नुसत्या वाट अडवून बसत नाहीत. रिसेप्टरांना जोडीजोडीने बांधून पेशीच्या आत ओढायला लावतात, शिवाय कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांकरवी स्नायूच्या पृष्ठभागावरच्या घड्याही उद्ध्वस्त करतात.

लागोपाठ संदेश येत राहिले की दर खेपेला सुटणारं ॲसिटिलकोलिन थोडं थोडं कमी होतं. हे निरोगी माणसातही घडतं, पण त्याच्याकडे रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्याने कळत नाही. इथे ती शिल्लकच गेलेली असते. म्हणून सकाळी उघडी असलेली पापणी संध्याकाळी पडते, पहिली भाकरी नीट चावली जाते आणि दुसरीला जबडा थकतो.

फटीत आलेलं ॲसिटिलकोलिन एक एन्झाइम क्षणार्धात मोडून टाकतं. गोळी त्या एन्झाइमला काही तास गप्प बसवते. रसायन जरा जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या रिसेप्टरना पुन्हापुन्हा गाठतं. बस, एवढंच. रिसेप्टर वाढत नाहीत, अँटीबॉडी कमी होत नाहीत. त्यासाठी स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन किंवा निवडक रुग्णांत छातीतली थायमस ग्रंथी काढणं हे वेगळे उपाय आहेत. ‘सहा महिने गोळी घेतली, आजार गेला नाही’ ही या गोळीविरुद्धची तक्रार होऊच शकत नाही.

ही युक्ती सापडली १९३४ मध्ये, इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या रुग्णालयात. मेरी वॉकर या डॉक्टरांनी मायस्थेनियाची लक्षणं क्युरारे या विषासारखी दिसतात हे हेरून त्या विषाचा उतारा, म्हणजे फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिला. आपल्याकडे नागदंशात ॲट्रोपिनसोबत देतात ते निओस्टिग्मिन याच घराण्यातलं, कारण नागाचं विष नेमकं याच रिसेप्टरवर बसतं. आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं याच एन्झाइमला पकडतात, पण सोडत नाहीत. गोळी फार जास्त झाली तर दिसणारं चित्र म्हणूनच फवारणीच्या विषबाधेशी जुळतं: लाळ, घाम, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या.

आता घड्याळ. साध्या गोळीचा असर ३० ते ४५ मिनिटांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या तासात सर्वात जास्त असतो आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ओसरतो. डॉक्टर बहुधा अर्ध्या गोळीने, म्हणजे ३० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सुरुवात करतात आणि पोट काय म्हणतं ते बघत ६० मिलिग्रॅम चार-पाच वेळांपर्यंत नेतात. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर मात्रा कमी ठेवावी लागते, कारण औषध बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं.

ज्यांना चावायला-गिळायला त्रास आहे त्यांच्यासाठी सगळी किंमत वेळेची आहे. जेवण एक वाजता असेल तर गोळी सव्वाबाराला. औषधाच्या दुकानात सवयीने पाकिटावर ‘जेवणानंतर’ अशी खूण होते आणि त्या एका शब्दाने निम्मा फायदा जातो: ताट उचलल्यावर जबड्यात जोर येतो. मात्र अगदी रिकाम्या पोटी मुरडा उठतो, म्हणून सोबत दोन बिस्किटं किंवा अर्धं केळं. तेलकट-तुपकट नको, असर उशिरा सुरू होतो. उपवासाच्या दिवशीही केळं चालतंच, तेव्हा ती सबब नाही. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

१८० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळीही मिळते. कागदावर छान वाटते: एक घ्या आणि विसरा. प्रत्यक्षात ती दर वेळी सारखी शोषली जात नाही, दिवसा असर वरखाली होतो. आमच्या मते तिची जागा एकच, ज्यांना पहाटे उठल्यावर कूस बदलणंही जड जातं त्यांनी रात्री झोपताना घेण्यापुरती. ती कुटायची नाही, चावायची नाही. तसं केलं तर सगळी मात्रा एकदम सुटते.

पोटाचा त्रास हा या गोळीचा ठरलेला दोष. एन्झाइम आतड्यातही असतं, त्यामुळे मुरडा, पातळ शौच, लाळ, घाम. स्नायू बारीक फडफडणं हेही त्यातलंच. डॉक्टर त्यासाठी ग्लायकोपायरोलेट किंवा लोपेरामाइड देऊ शकतात. इथेच एक खड्डा आहे. जुलाब लागले म्हणून माणूस दुकानात जातो आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी घेऊन येतो. ऑफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे, त्या गटाची अँटिबायोटिकं चेता-स्नायूंमधला हाच निरोप आणखी क्षीण करतात. गोळीच्या दुष्परिणामावर घेतलेल्या औषधाने आजार उसळी मारतो, असा उलटा हिशेब. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, रक्तदाब-हृदयासाठीची बीटा ब्लॉकर औषधं आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंबसुद्धा याच यादीत. यादी पाकिटाला रबराने बांधून ठेवावी, मोबाइलमध्ये नको. मोबाइल नेमका तेव्हाच बंद असतो.

कोणाला किती उपयोगी? पडलेल्या पापणीला आणि हातापायांना चांगली. दोन-दोन दिसण्यावर बऱ्याचदा तोकडी. मस्क नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असलेल्यांना तर ती अनेकदा मानवत नाही, फायदा कमी आणि फडफड जास्त. दमा, हृदयाचे मंद ठोके, आतड्यात किंवा लघवीच्या मार्गात अडथळा असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि दिवसाला ३६० मिलिग्रॅमच्या पुढे गरज वाढत चालली, तर त्याचा अर्थ गोळी कमी पडते असा न घेता प्रतिकारशक्ती आवरणारं औषध कमी पडतंय का, हे तज्ज्ञाला विचारावं.

साठवण क्षुल्लक वाटते, पण हे औषध हवेतली ओल पटकन ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात पाकिटातून काढून डबीत भरलेल्या गोळ्यांवर डाग पडतात, त्या भुसभुशीत होतात. आठवडाभराच्या गोळ्या भरायची सात कप्प्यांची डबी इथे नको. अर्धी गोळी उरली तर पाकिटातच ठेवून पुढच्याच वेळी संपवावी. मे महिन्यात विदर्भात गोळी ‘लागू पडत नाही’ असं वाटलं तर लगेच कंपनी बदलू नका; उष्णतेने हा निरोप मुळातच दुबळा होतो. पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला की ती वर येते, ही निदानाची जुनी परीक्षा त्याच तत्त्वावर चालते.

एका गोष्टीत या गोळीवर विसंबायचं नाही: श्वास. पूर्ण श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजा. एरवी तिशीपर्यंत जाणारा माणूस पंधराच्या आसपास अडखळू लागला, आडवं पडल्यावर दम लागू लागला, पाणी नाकातून येऊ लागलं, तर आणखी एक गोळी घेऊन वाट पाहू नये. आजार वाढल्यानेही असं होतं आणि गोळ्या जास्त झाल्यानेही. घरी बसून फरक करता येत नाही. गिळणं बिघडलेलं असताना घेतलेली गोळी श्वासनलिकेतही जाऊ शकते. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठावं, पाकीट सोबत न्यावं आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते दारातच सांगावं.