मोती चौकाजवळचे पिंजारी चाचा

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका बोळात गाद्यांचं दुकान आहे. पाटी नाही. दारात कापसाची पांढरी धूळ आणि भिंतीला टांगलेलं जुनं पिंजण, हीच खूण.

सासूबाईंची गादी मधे खचली होती आणि कडांना गठ्ठे झाले होते. दोन वर्षांपूर्वी ती दुसरीकडे पिंजायला दिली होती. तिथे कापूस तसाच मशीनमध्ये ढकलला आणि चार महिन्यांत पुन्हा गाठी. या चाचांनी खोळ उसवली, कापूस सतरंजीवर ओतला आणि मशीन सुरू न करता मांडी घालून बसले. एकेक गोळा दोन्ही हातांत धरायचा, हलकेच ओढायचा, सैल सोडायचा, परत ओढायचा. मी कारण विचारलं.

"बाई, गाठ सुटली पाहिजे, तुटता कामा नये. तुटलेल्या कापसाची नुसती धूळ होते."

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘टीझ म्हणजे चिडवणे’ असं दरवर्षी फळ्यावर लिहिलं. त्या शब्दाचं मूळ मला वाचून ठाऊक होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या सतरंजीवर. जुन्या इंग्रजीत हा शब्द लोकरीचे किंवा जवसाचे गुंतलेले तंतू ओढून मोकळे करण्याला वापरत. माणसाला डिवचण्याचा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन मिळाला. टीझल नावाचं एक काटेरी झाड आहे. त्याची वाळलेली बोंडं लोकरीच्या कापडावर फिरवून लव वर काढत. त्याचं नावही याच मुळातलं. पुढे केस उलटे विंचरून फुगवण्यालाही हाच शब्द लागला. माझा नातू मोबाइलवर सिनेमाचा टीझर बघतो, तोही त्याच घरातला.

मूळ वेगळं, पण असाच आणखी एक शब्द आहे, हेकल. तागा-जवसाचे तंतू विंचरायची खिळ्यांची फणी असते, तिच्यावरून आलेला. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे हे काम करणारे कामगार राजकारणावर हिरिरीने बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. सभेत वक्त्याला मधेच प्रश्न विचारून बेजार करण्याला आज हाच शब्द आहे.

चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले. उठून त्यांनी भिंतीवरच्या पिंजणाची तांत छेडली. टुंग्ग! आपल्याकडे तार छेडतात आणि छेड माणसाचीही काढतात, हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं.

आठवीच्या वर्गातली एक मुलगी अडखळत वाचायची. बाकीच्या तिची नक्कल करायच्या. मी म्हणायचे, "अगं, थट्टा करतायत." त्या वर्षी तिनं पुन्हा हात वर केला नाही. चाचांचं ‘तुटता कामा नये’ ऐकताना तीच आठवली.

आता व्यवहाराचं. पिंजणावळ किलोवर घेतात, शिलाई वेगळी. दोन किलो नवा कापूस आणि नवी खोळ धरून मला साडेसोळाशे पडले. मशीनवर पिंजतात, पण हातानं मोकळा केल्याशिवाय कापूस मशीनला दाखवत नाहीत, म्हणून वेळ लागतो. सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशीर झाला आणि ते दोन दिवस सासूबाईंना सतरंज्यांवर काढावे लागले, ही माझी खरी तक्रार. दम्याचा त्रास असेल तर आत थांबू नका, धूळ फार उडते. टाके मात्र बघत राहावेत असे, एका रेषेत आणि सारख्या अंतरावर.

गादी घरी येऊन तीन महिने झाले. रोज सकाळी मी तळहात दाबून फिरवते. अजून एकही गाठ लागलेली नाही. उशा द्यायच्या राहिल्यात. दिवाळीआधी तिथे रांग लागते, म्हणून याच आठवड्यात नेऊन टाकते.