मीटर्ड कनेक्शन की राउटरवर लगाम?

नाशिकमध्ये सिडको-इंदिरानगरकडे अजून बरीच घरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवतात. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, आणि विंडोज अपडेट सुरू झालं की दुपारीच खडखडाट. अशा घरात पहिला उपाय विंडोजमधलाच. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपलं वाय-फाय उघडून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायचं. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत, वनड्राइव्हचं (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचं) सिंक थांबतं. शेजारीच ‘डेटा युसेज’मध्ये कोणत्या ॲपने किती खाल्लं ते दिसतं आणि मर्यादाही घालता येते.

पण हे सेटिंग त्या एका कॉम्प्युटरपुरतं आणि त्या एका नेटवर्कपुरतं. शिवाय ब्राउझरमधला व्हिडिओ ते अडवत नाही. यूट्यूबची क्वालिटी ४८० वर आपणच आणायची. (सुरक्षेचे अपडेटही महिनोन्‌महिने रखडवू नका. एखाद्या रविवारी चांगल्या नेटवर उरकून घ्या.)

दुसरा मार्ग, घरभर नेट वाटणाऱ्या राउटरवरच लगाम घालण्याचा, तो फायबर ब्रॉडबँड घेतलेल्यांसाठी. टीव्ही, मुलांचे फोन, सगळ्यांवर एकाच ठिकाणून ताबा. मात्र साध्या राउटरमधलं ‘बँडविड्थ कंट्रोल’ वेग कमी करतं, एकूण जीबी मोजून नळ बंद करत नाही. तसा कोटा मोजक्याच मॉडेलमध्ये मिळतो. वरून राउटरची सेटिंग्ज उघडणारा ॲडमिन पासवर्ड शोधण्यापासून सुरुवात.

हॉटस्पॉटवाल्यांनी राउटरच्या फंदात पडूच नये, मीटर्ड पुरे. फायबरवर महिन्याचा कोटा संपून वेग घसरत असेल, तर आधी टीव्हीकडे बघा; कॉम्प्युटर बहुधा निर्दोष असतो.