आठ महिने किपलिंग वापरल्यावर

संच घेतला तो स्वस्त पडला म्हणून. इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग 1936 साली गेला, स्वामित्वहक्काची भानगड कधीच मिटली आहे. त्यामुळे गोष्टी, कविता, आत्मचरित्र असं सगळं एका ई-पुस्तकात, दोन वडापावांच्या पैशात. ठाणे ते सीएसएमटी, जाऊन-येऊन, आठ महिने.

पहिली तक्रार क्रमाची. संपादकानं मोगली सर्वांत पुढे टाकलाय. दूरदर्शनवर रविवारी पाहिलेला मोगली डोक्यात घेऊन मी सुरू केलं आणि अडखळलो. पुस्तकातल्या पोराला आधी लांडगे हाकलतात, मग गावही दगड मारून हाकलतं. एवढा कडवटपणा कशाला, कळेना. मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या त्या जंगलाच्या गोष्टी त्यानं लिहायला घेतल्या त्याही अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून.

उत्तर आत्मचरित्राच्या पहिल्या काही पानांत आहे, म्हणून माझं ऐका, तिथूनच सुरुवात करा. जन्म 1865, मुंबई. वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरची कोरीव चित्रं त्यांचीच. मी रोज खालून जातो, मान वर केली ती या पुस्तकामुळे. पोरगं आयाबरोबर सकाळी फळबाजारात हिंडायचं, हिंदुस्तानीत बोलायचं. आईबापांसमोर न्यायची वेळ झाली की नोकर बजावायचे, आता इंग्रजीत बोल हं. आणि मग 1871 मध्ये, सहा वर्षंही पुरी नसताना, त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडात साउथसीला पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या एका घरात ठेवून आईबाप परत आले. मुलांना काही न सांगता. तिथं सहाएक वर्षं मार आणि मानहानी. हे वाचून मोगलीकडे परत गेलो तेव्हा ते दगड नीट कळले.

रोजच्या वापराला सर्वांत सोयीच्या त्याच्या लाहोरच्या गोष्टी. 1882 मध्ये, सतरा वर्षंही पुरी नव्हती तेव्हा, तो तिथल्या वर्तमानपत्रात रुजू झाला. रकान्यात बसेल एवढंच लिहायचं, त्यामुळे फापटपसारा नाही. मुलुंडला उघडलेली गोष्ट कुर्ल्याच्या आत संपते. पुढे 1888 मध्ये त्याची पातळ पुस्तकं आपल्याकडच्या रेल्वे स्टॉलांवर रुपयाला एक अशी विकली जायची. गाडीत वाचायचाच माल तो.

सैनिकांच्या तोंडच्या गोष्टी-कविता मात्र जड जातात. लंडनच्या गल्लीतली आणि आयरिश बोली, अर्धी अक्षरं गिळलेली. मोठ्यानं वाचून दाखवायची सोय चालू केली तर यंत्राला फेफरं येतं. नोबेलचं (1907, वय 41, साहित्यात आजही सर्वांत तरुण) प्रस्तावनेत तीनदा सांगितलंय.

जे प्रस्तावनेत नाही ते बाहेर सापडलं. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी 1920 मध्ये निधी जमवला गेला, त्यात किपलिंगनं पैसे घातले. मी दोन आठवडे पुस्तक उघडलं नाही. 'किम' या कादंबरीतल्या तिबेटी लामावर इतकी माया करणाऱ्या माणसाचा हा हात, याची सांगड मला अजून लागलेली नाही आणि कुणी लावून दिली तर मी पटवूनही घेणार नाही.

तरी परत उघडलं, ते शेवटच्या भागासाठी. मुलगा जॉन, डोळे अधू म्हणून सैन्यानं नाकारलेला. बापानं ओळख लावून त्याला भरती करवला आणि 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत तो गेला, वय 18. बाप होता तोवर त्याचा देह सापडला नाही. बेनाम सैनिकांच्या थडग्यांवर काय कोरायचं ते शब्द पुढे याच बापानं सुचवले. त्या काळानंतरची 'द गार्डनर' ही कथा मी तीनदा वाचली. एक बाई युद्धात गेलेल्या भाच्याची कबर शोधायला जाते, एवढंच. पहिल्यांदा शेवट निसटला. दुसऱ्यांदा दिसलं की दफनभूमीतला माणूस तिला 'भाचा' म्हणत नाही. तो काय म्हणतो ते इथं लिहीत नाही.

संच डिलीट केलेला नाही. छापील घेणार असाल तर अक्षर मोठं बघून घ्या आणि मोगली शेवटी ठेवा.