गृहकर्ज जुन्याच बँकेत ठेवावे की दुसऱ्या बँकेत न्यावे?

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तरी नागपुरात मनीषनगर, बेसा किंवा मानेवाडा भागात काही वर्षांपूर्वी घर घेतलेल्या प्रत्येकाच्या कर्जाचा दर त्याच प्रमाणात उतरलेला नाही. याचे कारण कर्ज कोणत्या पद्धतीत अडकले आहे, यात आहे. बँकांनी जुलै २०१० पासून बेस रेट, एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर (हे दोन्ही बँकेने स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवलेले दर) आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या चलदराच्या गृहकर्जांसाठी रेपोसारखा बाह्य, म्हणजे बँकेबाहेर ठरणारा, मानदंड स्वीकारला. या शेवटच्या पद्धतीत दर किमान तीन महिन्यांतून एकदा त्या मानदंडानुसार नव्याने ठरवावाच लागतो. जुन्या पद्धतीतील कर्ज मात्र, कर्जदाराने स्वतः अर्ज केल्याशिवाय, तिथेच राहते. गृहवित्त कंपन्यांना तर बाह्य मानदंडाची सक्तीच नाही.

म्हणून पहिला पर्याय आपल्याच बँकेत दर बदलून घेण्याचा. त्यासाठी एक अर्ज आणि ठरावीक रूपांतर शुल्क पुरते. कागदपत्रे हलत नाहीत, मूल्यांकन होत नाही, वकील लागत नाही. मिळणारा दर नव्या ग्राहकाच्या दरापेक्षा थोडा अधिक असू शकतो, परंतु पाव टक्क्याच्या फरकासाठी बँक बदलणे मला पटत नाही.

दुसरा पर्याय कर्ज हस्तांतराचा. व्यक्तींच्या चलदराच्या गृहकर्जावर बँकांना २०१२ पासून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे जुन्या बँकेतून बाहेर पडणे स्वस्त आहे. खर्च होतो तो नव्या बँकेत शिरताना. प्रक्रिया शुल्क व त्यावरील जीएसटी, वकिलाची छाननी, मूल्यांकन आणि गहाणावरील मुद्रांक शुल्क यांची बेरीज आधी लेखी मागावी.

आता हिशेब पाहावा. शिल्लक ३० लाख, मुदत १५ वर्षे आणि दर ९.२५ टक्के असेल, तर हप्ता ३०,८७६ रुपये बसतो, आणि त्यातील २३,१२५ रुपये पहिल्या महिन्यात नुसते व्याजात जातात. दर ८.२५ झाला आणि मुदत तीच राहिली, तर हप्ता २९,१०४ होतो व एकूण ३ लाख १९ हजारांच्या आसपास वाचतात. हप्ता जुनाच भरत राहिल्यास कर्ज १९ महिने आधी फिटते. पण नव्या बँकेने मुदत पुन्हा २० वर्षे करून २५,५६२ रुपयांचा हप्ता पुढे केला, तर दरमहा ५,३१४ रुपये हाती राहतात खरे, मात्र दर कमी होऊनही जुन्या कर्जापेक्षा एकूण सुमारे ५ लाख ७७ हजार अधिक भरावे लागतात. २०२२-२३ मध्ये दर वाढताना ज्यांचा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली गेली, त्यांनी तर कर्जाचे ताजे विवरणपत्र काढून उरलेले महिने आधी मोजावेत. हप्ता किती कमी झाला, एवढेच विचारणारा कर्जदार इथेच फसतो.

नागपुरात आणखी एक बाब तपासावी लागते. नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या भाडेपट्ट्याच्या प्लॉटवर गहाणासाठी प्रन्यासचे ना हरकत पत्र, आणि नियमित झालेल्या लेआऊटमधील प्लॉटसाठी मूळ आरएल (नियमितीकरण पत्र) नवी बँक मागते. आमच्या मानेवाड्याच्या घराच्या विक्रीपत्रात खसरा क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. जुन्या बँकेने तो कधी पाहिलाच नव्हता. नव्या बँकेच्या वकिलांनी मात्र फाईल परत केली, आणि चूक दुरुस्ती पत्र होईपर्यंत जुन्याच दराने दोन हप्ते गेले. तेव्हा प्रक्रिया शुल्क भरण्यापूर्वी जुन्या बँकेकडून जमा कागदपत्रांची यादी काढून घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक क्रमांक आरएल व विक्रीपत्राशी ताडून पाहावा. कर्ज फिटल्यावर ही मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.