‘सिस्टेमिक’ म्हणजे काय, हे सांगून औषध देणारे कृषी सेवा केंद्र

केळीवरील करप्याचे, म्हणजे पाने वाळवणाऱ्या बुरशीजन्य रोगाचे, औषध विकणारी दुकाने रावेर-यावल पट्ट्यात गावोगावी आहेत. परंतु डब्यावर छापलेल्या ‘सिस्टेमिक’ या विशेषणाचा अर्थ समजावून मगच डबा हाती देणारे दुकान मला रावेर तालुक्यातील या एकाच ठिकाणी आढळले.

शेतीत याला आपण आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारे, म्हणतो. मूळ ग्रीक ‘सिस्टेमा’, म्हणजे अनेक भागांची एकत्र मांडणी; त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे विशेषण इंग्रजीत आले, ते शरीरशास्त्र आणि वैद्यकासाठी. एका अवयवापुरता न थांबता सर्वांगाला ग्रासणारा आजार सिस्टेमिक ठरतो. हृदयाच्या डाव्या बाजूने निघून अंगभर फिरणारे रक्ताभिसरणही सिस्टेमिक, मात्र फुप्फुसांकडचा फेरा त्यात धरत नाहीत. एक बँक कोसळल्याने सगळीच व्यवस्था हादरण्याचा धोका, या अर्थाने अर्थशास्त्रानेही हा शब्द उचलला. रिझर्व्ह बँक 2015 पासून अशा बँकांची नावे जाहीर करते आणि स्टेट बँक त्यांत पहिल्यापासून आहे.

घोटाळा होतो तो फवारणीत. गोळी घेतली की अंगभर पोहोचते, तसेच हे औषधही झाडभर पोहोचेल, असे धरून पुष्कळ जण पाने अर्धवट भिजवतात. दुकानदारांनी गल्ल्याजवळ लाल शाईच्या पाण्यात तेरड्याची फांदी ठेवली आहे, पारदर्शक देठातून वर चढलेल्या लाल रेषा दाखवून ते म्हणतात, “आबा, हे रक्तासारखे फिरून माघारी येत नाही, टोकाकडेच जाते.” प्रोपिकोनॅझोलसारखी बुरशीनाशके प्रामुख्याने जलवाहिन्यांतून पुढेच सरकतात, एका पानावरचे औषध दुसऱ्या पानाला सहसा पुरत नाही, त्यामुळे प्रत्येक पान भिजणे आवश्यक असते. मुळांपर्यंत उतरणारी तणनाशकेही सिस्टेमिकच म्हणवतात, हा फरक डब्यावरून कळत नाही.

एकच आंतरप्रवाही औषध सतत मारल्यास बुरशी त्याला दाद देईनाशी होते, म्हणून दुकानदार आलटून-पालटून मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य, म्हणजे जिथे पडेल तिथेच पानाच्या वरून काम करणारे, औषध सुचवतात. केळीच्या मेणचट पानासाठी स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारे द्रव्यही आठवणीने देतात. बिलावर बॅच क्रमांक असतो. उधारी मात्र मिळत नाही, आणि खरिपाच्या गर्दीत एवढे समजावून घ्यायचे असेल तर दुपारीच जावे.